गॅदरिंगमध्ये आपली मुलगी

(जुन्नर-आंबेगावच्या मैत्रिणींसाठी रेडिओवरून केलेलं भाषण)

कांद्याच्या लागणी उरकत आल्या, थंडी पडली, की आपल्याकडे शाळाशाळांतून ढोलकीचा आणि लेझमीचा आवाज यायला लागतो. स्नेहसंमेलनाचे दिवस आले. आपण सगळ्या त्याला गॅदरिंगच म्हणतो. मुलं घरी येऊन सांगतात, अमुक रंगाचा झगा पाहिजे, तमुक नाचात माझा नंबर लागलाय. आणि याच दिवसांत आमच्याकडे एक प्रश्न दरवर्षी येतो. कधी आई विचारते, कधी मोठी बहीण, कधी मुलगी स्वतःच. प्रश्न असा, की सातवीपर्यंत मुलगी गॅदरिंगमध्ये होती, तेव्हा कुणी काही बोललं नाही. आता ती आठवी-नववीत गेली, तर घरातून नको म्हणतात. "मोठी झाली आता, स्टेजवर काय नाचायचं? फडावर जायचंय का?"

हे शेवटचं वाक्य आपल्या भागात जरा जास्तच लागतं. कारण फड म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. नारायणगाव आपल्या शेजारी. गुढीपाडव्याच्या आधी तिथं तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येऊन जत्रेच्या सुपाऱ्या देऊन जातात. आपल्याच जत्रेत आपण तमाशा बोलावतो, त्याला दाद देतो, आणि घरातल्या मुलीला रागावायचं झालं की त्याच तमाशाचं नाव घेतो. म्हणून आज आपण जरा मागं जाऊन बघूया. हे गॅदरिंग शाळेत आलं कुठून? मुलींना त्यात जागा मिळाली कशी? आणि आज आपण त्या जागेचं काय करायचं?

गॅदरिंग आलं कुठून

गॅदरिंग हा शब्द इंग्रजी, आणि रीतही इंग्रजी शाळा-कॉलेजांतूनच आपल्याकडे आली. पुण्यात १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं, १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत जिल्ह्याजिल्ह्याच्या गावी हायस्कुलं निघाली. ही सात यत्तांची, मॅट्रिकपर्यंतची शाळा. खेड्यातला मुलगा मराठी चौथी झाला, की नातलगाकडे किंवा वार लावून जेवत शहरात राहायचा आणि हायस्कुलात जायचा. त्याच्या दृष्टीनं शाळा म्हणजे नुसतं गणित आणि इंग्रजी नव्हतं. शाळा सुटल्यावर काय करायचं, कुणाबरोबर राहायचं, हाही प्रश्न असायचा. त्यातून शाळेतली मंडळं उभी राहिली.

एक असायचं वक्तृत्व मंडळ. आठवड्यातून एकदा मुलं जमायची, एक विषय घ्यायची, एकानं बाजू मांडायची, दुसऱ्यानं खोडून काढायची. दुसरं असायचं वाचनाचं आणि हस्तलिखिताचं. छापायला पैसे नसायचे, मग सुंदर अक्षराचा मुलगा सगळ्यांचे लेख एका वहीत उतरवून काढायचा, चित्र काढणारा चित्रं काढायचा, आणि ती एकच वही शाळाभर फिरायची. तिसरं व्यायामाचं: मल्लखांब, लेझीम, कवायत. चौथं गाण्या-नाटकाचं. वर्षभर या मंडळांनी जे केलं, ते पालकांपुढे मांडायचा दिवस म्हणजे गॅदरिंग. म्हणजे मूळ गॅदरिंग हा एका रात्रीचा कार्यक्रम नव्हताच. वर्षभराच्या कामाचा तो शेवटचा दिवस होता. आज आपल्याकडे उलटं झालंय. वर्षभर काही नाही आणि शेवटच्या पंधरा दिवसांत सगळी धावपळ.

असं मंडळ एका शिक्षकामुळे किती रंगतं, याचं आपल्या माहितीतलं उदाहरण म्हणजे साने गुरुजी. १९२४ ते १९३० अशी सहा वर्षं ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तिथल्या वसतिगृहाचं काम बघत होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते स्वतःच्या हातानं रोज एक दैनिक लिहून लावायचे. त्याचं नाव 'छात्रालय'. मुलं सकाळी उठून आधी ते वाचायला धावायची. त्यातूनच पुढं १९२८ साली 'विद्यार्थी' हे छापील मासिक निघालं. बघा, सुरुवात काय, तर एक कागद आणि शाई. एवढ्यावर काम सुरू झालं.

सरकारला मुलांच्या गाण्याची भीती

या मंडळांकडे सरकारचंही लक्ष असायचं. १८९४ पासून पुण्याच्या गणेशोत्सवात मेळे सुरू झाले. मेळा म्हणजे एकसारखे कपडे घातलेल्या मुलांचा संच. ही मुलं रस्त्यानं आणि गणपतीपुढे पदं म्हणत जायची. शाळकरी मुलं त्यात मोठ्या संख्येनं असायची. पदं देवाची असायची, तशीच देशाचीही. १९०७ साली सरकारनं एक पत्रक काढलं, ते रिस्ले सर्क्युलर म्हणून ओळखलं जातं. विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी राजकीय सभांत, चळवळीत भाग घेऊ नये, अशी त्यात ताकीद होती. ज्या शाळा ऐकणार नाहीत, त्यांचं सरकारी अनुदान आणि मान्यता अडचणीत. त्याच सुमाराला कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'कीचकवध' नाटक रंगभूमीवर आलं. गोष्ट महाभारतातली, पण बघणाऱ्याला कीचकाच्या जागी इंग्रज अधिकारी दिसायचा. १९१० साली त्यावर बंदी आली. १८७६ पासून नाटकांवर बंदी घालायचा कायदाच होता.

हे सांगायचं कारण एवढंच, की मुलांनी स्टेजवर उभं राहून काही म्हणणं ही करमणूक तर आहेच, पण तेवढीच नाही. चार लोकांपुढे उभं राहून आपला आवाज काढता येणं ही ताकद आहे, हे सरकारला कळत होतं. मग ती ताकद मुलींना कधी मिळाली?

नाटक शिकवणारे मास्तर

मराठी नाटकाची शाळेशी जवळीक फार जुनी. अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगावला मास्तर होते आणि गोविंद बल्लाळ देवल तिथलेच त्यांचे विद्यार्थी. किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणलं आणि मराठी संगीत नाटकाचा काळ सुरू झाला. देवलांनी १८९९ साली 'संगीत शारदा' आणलं. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिल्या जाणाऱ्या लहान मुलीची ती गोष्ट. त्या नाटकाची पदं घराघरात गेली, आणि बाला-जरठ विवाहाची लाज लोकांना वाटायला लागली.

पुढे आचार्य अत्रे. ते पुण्याच्या कँप एज्युकेशन सोसायटीच्या हायस्कुलाचे हेडमास्तर होते. मोठं नाव होण्याआधी त्यांनी शाळेतल्या मुलांसाठी नाटिका लिहिल्या. 'गुरुदक्षिणा' ही त्यातली एक. मोठ्यांच्या नाटकातले प्रवेश मुलांच्या तोंडी घालण्याऐवजी मुलांना पेलेल असं लिहिलं पाहिजे, हे त्यांनी ओळखलं.

मुलांच्या हायस्कुलात नाटक असलं, की शकुंतला किंवा द्रौपदी कोण व्हायचं? मुलगाच. मिसरूड न फुटलेला, आवाज न फुटलेला मुलगा शोधायचा, आईचं लुगडं, शेजारणीचे दागिने मागून आणायचे आणि त्याला उभं करायचं. ज्या मुलींच्या शाळा निघाल्या होत्या, तिथं याच्या उलट. राजा मुलगीच, भटजी मुलगीच, म्हातारा सासराही मुलगीच.

हे काही शाळेपुरतंच नव्हतं. धंदेवाईक रंगभूमीवरही तीच रीत. १९०५ साली नारायणराव राजहंस किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि बालगंधर्व म्हणून त्यांनी स्त्रीभूमिकांत अख्ख्या महाराष्ट्राला वेड लावलं. त्यांची साडी, त्यांचा अंबाडा, त्यांचा गजरा पाहून चांगल्या घरातल्या बायका तशी वेशभूषा करायच्या. म्हणजे बाईनं कसं दिसावं हे एका पुरुषाकडून शिकायचं, पण बाईनं स्वतः स्टेजवर यायचं नाही.

मग स्टेजवर बाई नव्हतीच का? होती. तमाशात होती. पठ्ठे बापूरावांच्या फडाबरोबर पवळाबाईंचं नाव सगळ्यांना ठाऊक होतं. गावोगावच्या जत्रांत कोल्हाटी, महार, मांग समाजातल्या बायका नाचत होत्या, गात होत्या, हजरजबाबी संवाद करत होत्या. खरी कला त्यांच्याकडे होती. पण त्यांना बघणारा समाज त्यांना मान द्यायला तयार नव्हता. उलट त्यांच्याकडे बोट दाखवून बाकीच्या बायकांना घरात ठेवत होता. आज आपल्या मुलीला ऐकायला लागणारं ते "फडावर जायचंय का" हे वाक्य तिथून आलेलं आहे. त्यात दोन अन्याय आहेत. एक तमाशातल्या बाईवर, कारण तिच्या कष्टाच्या कामाला शिवी केलं. दुसरा आपल्या मुलीवर, कारण त्या शिवीची भीती घालून तिचं तोंड बंद केलं.

पहिल्या मुली उभ्या राहिल्या तेव्हा

पुण्यात सावित्रीबाई आणि जोतिराव फुल्यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली. त्या काळी मुलींची परीक्षा चार लोकांपुढे, तोंडी व्हायची आणि ती बघायला लोकांची गर्दी जमायची. मुलीनं लोकांपुढे उभं राहून उत्तर देणं हाच मुळी एक प्रयोग होता. फुल्यांच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेनं मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तिला खाऊ देऊ केला तेव्हा तिनं खाऊ नको, वाचनालय द्या असं सांगितलं, अशी तिची आठवण सांगतात.

पुढे १८८४ साली पुण्यात मुलींचं हायस्कूल काढायचं ठरलं. न्यायमूर्ती रानडे, वामन आबाजी मोडक, डॉ. भांडारकर अशी मंडळी पुढे होती. तीच आपली हुजूरपागा. त्यासाठी भरलेल्या सभेत गव्हर्नरसाहेबांपुढे रमाबाई रानड्यांनी इंग्रजीतलं भाषण वाचून दाखवलं. रमाबाई तेव्हा विशीत होत्या. सभेत कौतुक झालं. पण घरी आल्यावर घरातल्याच बायकांनी त्यांना टोचून टोचून बोलून घेतलं. पुरुषांपुढे उभं राहून इंग्रजी वाचलं, केवढा हा निर्लज्जपणा! रमाबाईंनी हे सगळं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात लिहून ठेवलंय. ते पुस्तक १९१० साली निघालं. आपल्यापैकी कुणाला घरून टोमणे बसले असतील, तर त्यांनी जरूर वाचावं. टोमणे तेच असतात, हे लक्षात येईल.

हुजूरपागेवरही टीका झाली. 'केसरी'नं विचारलं, की मुलींना मुलांसारखंच शिक्षण आणि दिवसभराची शाळा कशासाठी? घरकाम कधी शिकणार? शाळा मात्र चालू राहिली. मुली वाढत गेल्या. १९०९ साली रमाबाईंच्याच पुढाकारानं पुण्यात सेवासदन उभं राहिलं. १९१६ साली महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं.

गाण्याची गोष्टही तशीच. चांगल्या घरातल्या मुलीनं गाणं म्हणजे फार तर ओव्या, आरत्या आणि हळदीची गाणी. गवयाच्या समोर बसून शिकायचं नाही. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला आणि १९०८ साली मुंबईला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. त्यांनी काय केलं, तर गाण्याला शाळेची शिस्त लावली. वर्ग, वेळापत्रक, पुस्तक, स्वरलिपी, परीक्षा, सुरुवातीला प्रार्थना. गाणं दिवाणखान्यातून आणि बैठकीतून उठून वर्गात आलं. वर्गात आलं म्हटल्यावर आईबापांची भीती कमी झाली आणि मुलींना गाणं शिकायला पाठवायची वाट मोकळी झाली. १९३२ साली त्यांचे शिष्य विनायकराव पटवर्धनांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढलं.

शाळेचं मोल इथं दिसतं. तीच कला, तेच सूर, तेच पाऊल. पण शाळेच्या नावाखाली केलं, की लोक ऐकून घेतात. शाळेनं मुलींना एक आडोसा दिला. बंगालमध्ये रवींद्रनाथांनीही तेच केलं. शांतिनिकेतनमध्ये त्यांनी मुलींना नृत्य शिकवलं, आणि १९२७ च्या सुरुवातीला त्यांच्या 'नटीर पूजा' नाटकात नंदलाल बोस यांच्या मुलीनं कोलकात्याच्या प्रेक्षकांपुढे नृत्य केलं. चांगल्या घरातली मुलगी नाचते, म्हणून तिथंही चर्चा झालीच.

आपल्या मराठी रंगभूमीवर १९३३ सालच्या जुलैत 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक आलं. नाट्यमन्वंतर या संस्थेचं. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या: पद्मावती वर्तक आणि ज्योत्स्ना भोळे. रमाबाई त्या सभेत उभ्या राहिल्या, त्याला तोवर जवळजवळ पन्नास वर्षं झाली होती. मुलींच्या शाळांमधून वाचायला, गायला, बोलायला शिकलेल्या दोन पिढ्या मधल्या काळात मोठ्या झाल्या होत्या. त्यांनी जमीन तयार केली, म्हणून १९३३ साल उगवलं.

एका रस्त्यावरच्या दोघी

आता आपल्या घराजवळ येऊया. पुणे-नाशिक रस्त्यावर मंचर आणि नारायणगाव ही दोन गावं. मध्ये एस.टी.नं अर्धा तास. या दोन गावांशी दोन मोठ्या बायकांची नावं जोडलेली आहेत.

एक शांताबाई शेळके. जन्म १९२२ चा, इंदापूरचा, पण शेळक्यांचं घर मंचरचं आणि शांताबाईंचं लहानपणीचं शिक्षण खेड-मंचरला झालं. वडील लवकर वारले. मग त्या पुण्याला काकांकडे आल्या आणि हुजूरपागेत शिकल्या. म्हणजे ज्या शाळेसाठी रमाबाईंनी टोमणे खाल्ले, त्याच शाळेत आपल्या आंबेगाव तालुक्यातली ही मुलगी जाऊन बसली. पुढे स. प. महाविद्यालय, एम. ए., मग अत्र्यांच्या 'नवयुग'मध्ये पाच वर्षं काम, मग प्राध्यापकी. आणि गाणी तर किती. काही गाणी त्यांनी 'डॉ. वसंत अवसरे' या पुरुषाच्या नावानंही लिहिली. १९९६ साली आळंदीच्या मराठी साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या.

दुसऱ्या विठाबाई नारायणगावकर. जन्म १९३५ चा. वडील आणि चुलते म्हणजे भाऊ-बापू मांग नारायणगावकर, नावाजलेले तमासगीर. विठाबाई लहानपणापासून फडात वाढल्या. त्यांची शाळा म्हणजे फडच. गाणं, नाच, वगातलं काम, हजरजबाबीपणा, सगळं तिथंच शिकल्या. राष्ट्रपतींच्या हातून दोनदा गौरव झाला, १९५७ साली आणि १९९० साली. पण अखेरचे दिवस हलाखीत गेले. आज त्यांच्या नावानं राज्य सरकार तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं.

योगायोग असा, की दोघीही २००२ सालीच गेल्या.

दोघींत कोण मोठी, हे आम्हाला सांगायचं नाही. दोघींकडे शब्द होते, सूर होता, लोकांना धरून ठेवायची ताकद होती. फरक पडला तो एकीला शाळा मिळाली आणि दुसरीला मिळाली नाही, यानं. शाळेतून आलेल्या बाईच्या कलेला समाजानं मान आणि पोटापाण्याची नोकरी दिली. फडातून आलेल्या बाईला टाळ्या दिल्या, बिदागी दिली, पुरस्कारही दिला, पण म्हातारपणाची सोय नाही दिली. म्हणून आपल्या भागात शाळेच्या स्टेजची गोष्ट करताना ही दोन्ही नावं एकदम घ्यायला हवीत. आपल्या मुलीला स्टेज मिळालं पाहिजे. आणि तमासगिरांच्या मुलीला शाळा मिळाली पाहिजे. फड आठ महिने गावोगाव फिरतो, तेव्हा तिची शाळा सुटू नये, ती कुणा नातलगाकडे किंवा वसतिगृहात राहून शिकावी, आणि वर्गात तिला कुणी तिच्या घरावरून बोलू नये, याची काळजी घेणं आपल्या हातात आहे.

स्टेजवर उभं राहून काय मिळतं

कुणी म्हणेल, एवढं सगळं कशाला? मार्क मिळतात का याचे? मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीजणी ग्रामसभेला जातात? आणि गेल्यावर कितीजणी उभं राहून बोलतात? महाराष्ट्रात २०११ पासून ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. निवडून आलेली बाई खुर्चीवर बसते, पण बोलायची वेळ आली की नवऱ्याकडे बघते. तिला अक्कल नाही म्हणून नव्हे. चार लोकांपुढे उभं राहून आपला आवाज आपल्याच कानांनी ऐकायची तिला सवय नाही म्हणून.

ही सवय लहानपणी लागते. गॅदरिंगच्या नाटकात ज्या मुलीला फक्त दोन वाक्यं असतात, तिलाही ती पाठ करावी लागतात, दुसऱ्याचं वाक्य संपेपर्यंत थांबावं लागतं, मग मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं बोलावं लागतं. चुकलं तर सावरून घ्यावं लागतं. पुढं बँकेत कर्ज मागताना, दवाखान्यात डॉक्टरांना विचारताना, बाजार समितीत भाव पटला नाही म्हणताना हेच लागतं.

आपण काय करूया

पहिलं. शाळेच्या बैठकीला जाऊया. आठवीपर्यंतच्या शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या बायका असायलाच हव्यात. हायस्कुलात पालक-शिक्षक संघ असतो. गॅदरिंगची तयारी सुरू व्हायच्या आधी तिथं बोलूया, पडदा लागल्यावर नको.

दुसरं. सराव शाळेच्या वेळेत आणि उजेडी व्हावा असा आग्रह धरूया. वाडी-वस्तीवरच्या मुली शेवटच्या एस.टी.नं घरी जातात. सराव संध्याकाळी ठेवला, की त्या आपोआप गळतात, आणि मग आपण म्हणतो मुलींना आवडच नाही.

तिसरं. कपड्यांचा खर्च. भाड्याच्या झगमगीत झग्यांना पैसे लागतात आणि गरिबाची मुलगी मागं राहते. जुनी नऊवारी, घरातली घोंगडी, फेटा, टोपी यातून सुंदर नाच उभा राहतो. लेझमीला तर गणवेश पुरतो. लेझीम हा खेळही आहे आणि नाचही. त्यात कुणी पुढची, कुणी मागची नसते. पन्नास मुली एका तालावर फिरल्या की त्याहून देखणं काय?

चौथं. सिनेमाची रेकॉर्ड लावून तिच्यावर नाचणं कमी करूया. त्यात मुलीचा आवाज कुठंच नसतो. त्याऐवजी भारूड, पोवाडा, जात्यावरच्या ओव्या, छोटी नाटिका. शिवनेरी आपल्या दारात आहे, तर पोवाडा मुलीनं का म्हणू नये? पश्चिमेच्या खोऱ्यांतल्या आदिवासी मुलांचा नाच ठेवायचा, तर तो त्यांच्याच घरच्या मोठ्या माणसांनी शिकवावा. पानंपिसं बांधून कुणीही काहीही उड्या मारायच्या, हे नको.

पाचवं. आपल्या भागात ढोलकी वाजवणारे, वग करणारे, लावणी जाणणारे कलावंत आहेत. त्यांना शाळेत पाहुणे म्हणून बोलवूया, मान देऊन, मानधन देऊन. मुलांनी त्यांना सर म्हणावं, बाई म्हणावं. ज्या दिवशी आपल्या शाळेत तमाशातली एखादी आजी खुर्चीवर बसून मुलींना ताल शिकवेल, त्या दिवशी "फडावर जायचंय का" हे वाक्य शिवी राहणार नाही.

सहावं. मोबाईलची काळजी. मुलींच्या नाचाचे व्हिडिओ कुणीही काढून कुठंही पाठवतं आणि मग घरची माणसं घाबरतात. घाबरणं चूक नाही. पण त्यावर उपाय मुलीला घरी बसवणं हा नव्हे. चित्रण फक्त शाळेनं करावं आणि ते पालकांच्या परवानगीशिवाय बाहेर जाऊ नये, असा नियम शाळेला करायला लावूया.

आणि सातवं, सगळ्यात सोपं. आपण स्वतः जाऊया. कांदे, गुरं, स्वयंपाक त्या दिवशी जरा लवकर उरकूया. सासूबाईंनाही घेऊन जाऊया. नात स्टेजवर ओवी म्हणताना आजीनं एकदा ऐकलं, की पुढच्या वर्षी तिला पाठवायला आजीच पुढे होते, हे आम्ही बऱ्याच घरांत पाहिलंय.

गॅदरिंगची तारीख आपापल्या शाळेत विचारून ठेवा. मुलीला कुठल्या गटात घेतलंय, नसेल घेतलं तर का नाही, हे बाईंना किंवा सरांना विचारा. आणि घरात कुणी नको म्हणत असेल, तर त्यांना आजचं हे बोलणं ऐकवा. पुढच्या वेळी आपण बोलणार आहोत जात्यावरच्या ओव्यांविषयी. तुमच्या आजीच्या, आईच्या ओव्या आठवत असतील तर लिहून ठेवा. नमस्कार.